'टेस' वाचन मंडळात दाखवायची आहे: कोणती आवृत्ती, कुठे थांबायचं, मराठी ओळी कशा करायच्या?

लोकमान्यनगर_वाचन

नमस्कार मंडळी. इंदूरला लोकमान्य नगरच्या बाजूला आमचं लहानसं वाचन मंडळ आहे. पंचवीस-तीस सभासद, बहुतेक साठीपुढचे. इंग्रजी कादंबरी सलग वाचणारे त्यात सात-आठ. दिवाळीनंतरच्या चार शनिवारी टॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'वरची बीबीसीची मालिका (२००८, चार भाग, एकेक साधारण तासाचा) दाखवावी असं घाटतंय. पहिले दोन भाग पाच जणांना दाखवून अंदाज घेतला.

टेसच्या बापाला पाद्री 'सर जॉन' म्हणून हाक मारतो आणि बाप तिथल्या तिथे ताठ होतो, त्यावर भरपूर हशा. जहागीर गेली पण आडनाव राहिलं, हा प्रकार होळकरांच्या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अ‍ॅलेक आणि टेस यांच्या जंगलातल्या रात्रीवर मात्र सरळ दोन तट पडले. दोघं म्हणतात 'भुलली', तिघं म्हणतात 'बळजबरी'. आणि दोन्ही बाजूंची खात्री की पुस्तकात आपल्यासारखंच असणार. दुग्धशाळेचा भाग 'उगाच लांबवलाय' असं दोघांचं मत.

विचारायचं ते असं. हीच आवृत्ती बरी की दुसरी एखादी? चर्चेसाठी कुठे थांबवायचं आणि मूळ पुस्तकातलं काय वाचून दाखवायचं? मराठी सबटायटल आम्ही घरीच करतोय. ते सुरुवातीला जुळतं आणि शेवटी दोन-अडीच मिनिटं घसरतं, शिवाय टीव्हीवर जोडाक्षरं फुटतात. आणि मुखपृष्ठावरच्या 'अ प्युअर वुमन'ला मराठीत काय म्हणायचं?

सातवा_टप्पा

आवृत्तीचं आधी संपवतो. विचार करण्याजोग्या तीन. पोलान्स्कीचा १९७९चा चित्रपट, नास्तासिया किन्स्कीचा. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा अशी तीन ऑस्कर त्याला आहेत. चित्रीकरण सगळं फ्रान्समध्ये, स्टोनहेंजसुद्धा तिकडेच उभारलेलं. तिघांत देखणा तोच, पण लांबी तीन तासांच्या आसपास, म्हणजे एका बैठकीत कंबरा मोडणार. दुसरी १९९८ची आयटीव्हीची, दोन भागांत, जस्टिन वॉडेल टेस. दोनच संध्याकाळी हाताशी असतील तर ही घ्या. तुमची २००८ची: पटकथा डेव्हिड निकल्स, दिग्दर्शन डेव्हिड ब्लेअर, जेमा आर्टर्टन टेस, एडी रेडमेन एंजल (टेसचा पुढे होणारा नवरा), हान्स मॅथेसन अ‍ॅलेक (जंगलातल्या रात्रीचा तो). चार शनिवार असतील तर हीच, आणि कारण तेच ज्याची तुमच्याकडे तक्रार झाली: दुग्धशाळेला वेळ दिलाय.

कादंबरी ५९ प्रकरणांची, सात टप्प्यांची. त्यातले तिसरा-चौथा टप्पा, म्हणजे प्रकरण १६ ते ३४, टॅल्बोथेजच्या दुग्धशाळेभोवती आहेत. जवळजवळ एक तृतीयांश पुस्तक. हा उन्हाळा घाईत उरकला की लग्नाच्या रात्री एंजल काय हरवतो ते प्रेक्षकाला कळतच नाही. नुसता एक हेकट नवरा दिसतो. 'लांबवलाय' म्हणणाऱ्यांना दुसऱ्या भागाआधी प्रकरण २१चं दीड पान वाचून दाखवा. ताक घुसळतायत, लोणी येत नाही, मालक क्रिकची बायको म्हणते कुणीतरी प्रेमात पडलंय म्हणून येत नसेल. आणि मग क्रिक जॅक डॉलपची गोष्ट सांगतो: मुलीला फसवून हा गडी तिच्या आईच्या भीतीने घुसळणीच्या पिंपात लपतो आणि आई पिंप फिरवत बसते. सगळे हसतात. टेसचा चेहरा उतरतो, ती बाहेर निघून जाते. हे एकदा ऐकलं की पडद्यावर दूध, बादल्या, गवत दिसत असताना लोक तिच्याकडे बघायला लागतात.

लगेच पुढच्या प्रकरणात लोण्याला लसणाचा वास लागतो म्हणून सगळे रांगेत वाकून कुरणातल्या लसणाच्या पाती शोधतात. तेही वाचण्यासारखं आहे, पण वेळ असेल तर.

आता कुठे थांबायचं. माझ्या मते तुमच्या पाच जणांचं भांडण मालिकेमुळे झालेलंच नाही, ते हार्डीनेच लावून ठेवलंय. या कादंबरीतल्या चार मोठ्या घटना पानावर घडतच नाहीत. जंगलातली रात्र पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे. त्या रात्रीबद्दल टेसने एंजलला दिलेली कबुली चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये: ३४व्या प्रकरणाच्या शेवटी ती बोलायला लागते आणि ३५वं उघडतं तेव्हा सांगून झालेलं असतं. टेस अ‍ॅलेकचा खून करते, तो दिसतो खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला, छतावर वाढत जाणाऱ्या लाल डागाच्या रूपाने. हार्डी त्याला बदामाच्या एक्क्याचा आकार देतो (प्रकरण ५६). आणि टेसची फाशी म्हणजे लांबच्या टेकडीवरून दिसलेला तुरुंगावरचा काळा झेंडा. लेखकाला पडदा ओढून घेता येतो. कॅमेऱ्याला मात्र कुठेतरी उभं राहावंच लागतं, आणि तो जिथे उभा राहतो तिथे दिग्दर्शकाचं मत ठरतं. भाग कुठे संपतो ते विसरा, या चार ठिकाणी थांबवा. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: आत्ता आपल्याला जे दाखवलं, ते पुस्तकात कुणी पाहिलंय?

'भुलली' आणि 'बळजबरी', दोन्ही बाजूंना पुस्तकात आधार सापडतो, म्हणून कुणी जिंकणार नाही. बळजबरीच्या बाजूने प्रकरण १४: कापणीवरच्या बायका बोलतात की नुसत्या मनधरणीवर ते भागलेलं नव्हतं, त्या रात्री चेसच्या रानात कुणाचे तरी हुंदके ऐकू आले होते. दुसऱ्या बाजूने प्रकरण १२: त्या रात्रीनंतर टेस काही आठवडे तिथेच राहिलेली असते आणि निघताना, थोडा काळ डोळे दिपले होते, अशा अर्थाचं स्वतःच बोलते. पण त्याच प्रकरणात, तुमच्या मनात काय आहे ते कळलं तेव्हा उशीर झाला होता, असंही तिचंच वाक्य आहे. ते सोडून अर्धंच वाचणारा सभासद प्रत्येक मंडळात एक असतो.

'मालिकेने मूळ बदललं' अशी तक्रार आली तर १८९१ सांगा. 'द ग्राफिक' साप्ताहिकात ही कादंबरी त्या वर्षी क्रमशः आली तेव्हा हार्डीनेच जंगलाचा प्रसंग काढून तिथे खोटं लग्न घातलं होतं. त्या रात्रीतून झालेल्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं प्रकरणही वगळून दुसरीकडे वेगळं छापलं. कहर म्हणजे पाणी साचलेल्या वाटेवरून एंजल चार गवळणींना एकेक करून उचलून नेतो, ते संपादकांना फार वाटलं. म्हणून अंकात तो त्यांना हातगाडीत बसवून ढकलत नेतो. पुस्तक निघताना सगळं परत जागेवर आलं.

ओळीखालचा

सबटायटलचं बघू. आधी रोग ओळखा. पहिला संवाद आणि शेवटचा संवाद, दोन्ही ठिकाणी किती फरक आहे ते मोजा. दोन्हीकडे सारखाच (समजा ३ सेकंद) असेल तर फाइल नुसती सरकवायची आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी ५०-५० मिलिसेकंद मागेपुढे होते. पण सुरुवातीला शून्य आणि तासाअखेर अडीच मिनिटं, हे सरकवून कधीच बसणार नाही. ते फ्रेमच्या वेगाचं भांडण आहे. ब्रिटिश टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. तुम्ही ज्या इंग्रजी फाइलवर मराठी चढवलंत ती २३.९७६ धरून केलेली असणार. फरक साधारण चार टक्क्यांचा, तासाला जवळपास अडीच मिनिटं. तुमचा आकडा बरोबर तोच सांगतो.

उपाय: सबटायटल एडिट (मोफत आहे) उघडा, सिंक्रोनायझेशनच्या मेनूत फ्रेम रेट बदलायचा पर्याय आहे, तिथे 'पासून' २३.९७६ आणि 'पर्यंत' २५. उलटं दिलंत तर घसरण दुप्पट होते, तेवढ्यावरून चूक कळते. मग पहिली ओळ, मधली एक आणि शेवटची अशा तीन ठिकाणी तपासा. हे सगळं मराठी चढवण्याआधी करायचं. तुमचं उलट झालंय, तरी बिघडलं नाही. वेळा बदलतात, मजकूर तसाच राहतो.

जोडाक्षरं फुटणं हा टीव्हीचा दोष, तुमचा नाही. पेनड्राइव्हवरून चालवलं की बऱ्याच टीव्हींचा आतला प्लेअर देवनागरीची जुळणी करत नाही. 'क्ष'चा 'क् ष' होतो, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, नाहीतर नुसते चौकोन. टीव्हीच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. लॅपटॉपवर व्हीएलसी, तिथून एचडीएमआय केबलने पडदा. सबटायटलचा फाँट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता ठेवा, पांढरी अक्षरं, काळी कड. उंची चित्राच्या पाच-सहा टक्के. दोन ओळींमध्ये जरा जास्त अंतर, कारण खालच्या ओळीचे रफार आणि वरच्या ओळीचे उकार एकमेकांत घुसतात.

फाइल यूटीएफ-८मध्येच जतन करा. नोटपॅडमध्ये चुकून एएनएसआय राहिलं तर अख्खं मराठी प्रश्नचिन्हांत जातं आणि परत येत नाही, म्हणून मूळ प्रत बाजूला ठेवा. आणखी एक, इंदुरात हमखास होणारं: टायपिंग कुणा डीटीपीवाल्याकडून कृतिदेवमध्ये करून घेतलं असेल तर ते प्लेअरवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल, कारण कृतिदेव रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवतं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग डोळ्यांनी वाचा. रूपांतरात 'र्‍या' आणि 'ष्ट्र' हमखास बिघडतात.

मजकुराचं माप: एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ३५ अक्षरांपर्यंत. साठीपुढचे वाचक असतील तर सेकंदाला १२ अक्षरं धरा, म्हणजे भरलेल्या दोन ओळींना ६ सेकंद. एका सेकंदापेक्षा कमी काही ठेवूच नका. बसत नसेल तर वाक्य कापा, वेळ ताणू नका. ताणलं की पुढच्याचा संवाद सुरू होतो आणि खाली मागच्याचं वाक्य राहतं. ओळ तोडताना क्रियापद आणि त्याचा नकार वेगळे करू नका. 'मी तुम्हाला फसवलं' वरच्या ओळीत आणि 'नव्हतं' खालच्या ओळीत गेलं, तर अर्धा सेकंद का होईना, प्रेक्षक उलटा अर्थ घेतो. या कथेत ते परवडणारं नाही.

हक्कांचं एक वाक्य. हार्डी १९२८ साली गेला, आपल्या कायद्याने मृत्यूनंतर साठ वर्षं, तेव्हा कादंबरी वाचा, भाषांतर करा, छापा, कुणी अडवत नाही. मालिकेचं तसं नाही. डिस्क घरी बघण्यासाठी असते. सभागृह घेऊन पत्रिका वाटणार असाल तर आधी हक्कधारकाची परवानगी मागा.

रामबागकर

आवृत्ती वगैरे ठीक. पण तुमच्याकडे खरा वाद अ‍ॅलेकवर होणार नाही, तो टेसवर होईल. तिने लग्नाआधी सांगितलं का नाही? दोन वर्षांचं प्रेम, पोटात ठेवलं, आणि लग्नाच्या रात्री बॉम्ब. आणि दुसरं, नवरा सोडून गेला म्हणून परत त्याच माणसाकडे? सहानुभूती किती ताणायची? मालिका तिचा चेहरा सुंदर दाखवते म्हणून आपण माफ करतो, असं माझं मत.

सातवा_टप्पा

रामबागकर, दोन वर्षांचं नाही, उन्हाळ्यापासून ३१ डिसेंबरच्या लग्नापर्यंतचं. आणि तिने सांगितलं होतं. चार पानांचं पत्र लिहून एंजलच्या खोलीच्या दाराखालून सरकवलं. ते दाराच्या आत अंथरलेल्या गालिच्याखाली गेलं. लग्नाच्या दिवशी सकाळी तिला ते तसंच बंद सापडतं (प्रकरण ३३). त्यानंतरही ती बोलायला बघते, तर एंजलच म्हणतो, आज नको, दोष नंतर सांगू एकमेकांना. हे पत्र पडद्यावर काही सेकंदांत निघून जातं, तुमच्यासारखे चटकन मत बनवणारे ते चुकवतात. लोकमान्यनगर, तिथे थांबवून विचारा: गालिचा पाहिलात का?

मग रात्री आधी एंजल बोलतो. लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर अठ्ठेचाळीस तास. ती लगेच क्षमा करते. तिला उलट हलकं वाटतं, की आता आपलंही सांगता येईल. ती सांगते. त्याचं उत्तर असं की इथे क्षमेचा प्रश्नच येत नाही, आधी तू एक होतीस, आता दुसरीच आहेस. पडद्यावर नटाने रडून, थरथरून ते दाखवलं की प्रेक्षक त्याच्याही बाजूने जरा झुकतो. पुस्तकात त्याच्या मऊ स्वभावाखाली कठीण तर्काचा थर असल्याचं हार्डी सांगतो, मातीत लपलेल्या धातूच्या शिरेसारखा. हा फरक ३५व्या-३६व्या प्रकरणातून अर्धं पान वाचलं की कळतो.

परत अ‍ॅलेककडे का, याचं उत्तर प्रेमात शोधू नका. घराच्या करारात आहे. डर्बीफील्ड, म्हणजे टेसच्या माहेरच्यांचं घर 'तीन आयुष्यांच्या' करारावरचं. करारात नावं असलेल्या तीन माणसांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत घर तुमचं, तो गेला की मालकाचं. शेवटचं आयुष्य होतं बाप जॉन. तो अचानक जातो, आणि ओल्ड लेडी डेला, म्हणजे ६ एप्रिलला, आई आणि सगळी भावंडं रस्त्यावर. त्या दिवशी तिकडच्या शेतमजुरांच्या नोकऱ्या बदलत, गाड्यांवर संसार लादून कुटुंबंच्या कुटुंबं हलत. खानदेशात आखाजीला सालदाराचं साल संपतं आणि तो दुसऱ्या मळ्यावर जातो, तसंच. मंडळात कुणी खानदेशाकडचं असेल तर त्यांनाच बोलू द्या. ठरवलेली जागा आधीच दुसऱ्याला गेलेली, म्हणून हे कुटुंब किंग्जबिअरच्या चर्चपाशी, पूर्वजांच्या कबरींजवळ पलंग मांडतं. पहिल्या प्रसंगात ज्या 'सर' लोकांच्या नावाने बाप फुगला होता, त्यांच्याच थडग्यांच्या दारात. तुमचे लोक ज्यावर हसले त्याची परतफेड इथे आहे. प्रकरण ५१ आणि ५२. चौथ्या शनिवारी चित्र लावण्याआधी पंधरा मिनिटं यालाच द्या, बाकी काही वाचू नका.

हिंदीत ही कथा आलेली आहे, तेही सांगायला हरकत नाही: १९६७चा 'दुल्हन एक रात की', नूतन आणि धर्मेंद्र. वयस्क सभासदांना मदनमोहनची गाणी आठवतील आणि अर्धा तास तिकडे जाईल, म्हणून शेवटी सांगा. २०११चा 'तृष्णा' राजस्थानात घडतो. त्यात एंजल आणि अ‍ॅलेक मिळून एकच पुरुष केलाय. ती कल्पना एका संध्याकाळच्या वादाला पुरेल.

दुसरी_बोली

भाषेबद्दल. कादंबरीत एक वाक्य आहे ते सबटायटल करणाऱ्याने भिंतीवर लावावं: टेस दोन भाषा बोलते, घरात बोली आणि बाहेर, वरच्या लोकांशी, शाळेतलं इंग्रजी. इंदूरच्या मराठी माणसाला हे शिकवायची गरज नाही. घरात 'काय करून राहिला रे' आणि पुण्याच्या पाहुण्यांसमोर 'काय करतो आहेस'. तेच तंत्र वापरा. आई जोन आणि टेस घरात बोलतात तेव्हा वाक्यं तोकडी, घरगुती वळणाची. एंजलशी बोलताना प्रमाण. मात्र वऱ्हाडी, मालवणी असली ओळखीची बोली आणू नका. नाटकांनी त्या बोलींना विनोदाची सवय लावली आहे, जोनने तोंड उघडलं की लोक हसतील. आणि ज्या ठिकाणी ती घरी परतून आईला विचारते, पुरुषांपासून जपायचं असतं हे मला सांगितलं का नाहीस, तिथे कुणी हसून चालणार नाही.

तू आणि तुम्ही आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा, दोघं-तिघं मिळून भाषांतर करत असाल तर नक्कीच. मी असं ठेवीन: गवळणी आपसांत तू आणि गं. एंजल टेसला तू, टेस एंजलला शेवटपर्यंत तुम्ही. कबुलीनंतर एंजल थंड झालाय हे दाखवायला त्याच्या तोंडी 'तुम्ही' घालायचा मोह होईल. घालू नका, ऐतिहासिक नाटकातले पंत वाटतील. त्याऐवजी त्याच्या ओळींतून 'टेस' हे नाव काढून टाका, आणि 'गं' काढा. तेवढं पुरतं. अ‍ॅलेक तिला तू, ती त्याला तुम्ही. पण मळणीच्या दिवशी ती कातडी हातमोजा त्याच्या तोंडावर मारते (प्रकरण ४७), तिथून पुढे तू. सबटायटलमध्ये कुणी उद्गारचिन्हं मोजत नाही, पण हा बदल तुमच्या आज्या एका ओळीत पकडतील.

बाळाचं नाव 'सॉरो' असंच ठेवलं तर अर्धे लोक 'सॉरी' वाचतात. 'दुःख' ठेवा. 'दुःख, मी तुला बाप्तिस्मा देते' हे कानाला विचित्र वाटतं, पण मुळातही ते विचित्रच आहे. खोलीत धुण्याचं भांडं, मेणबत्ती, गुडघे टेकलेली लहान भावंडं आणि पाद्री नाही.

लग्नाच्या दुपारी कोंबडा आरवतो, त्यावर आधीच एक ओळ सांगून ठेवा की तिकडे तो अपशकुन. आणि काळा झेंडा! आपल्याकडे काळे झेंडे मंत्र्यांच्या गाड्यांना दाखवतात. कुणी शेवट वाचून दाखवला की 'निषेध कोणी केला?' असा प्रश्न येणार. फाशी झाली की तुरुंगावर काळा झेंडा चढवायची तिथली पद्धत होती, हे तिसऱ्याच शनिवारी कुठल्यातरी निमित्ताने बोलून टाका, म्हणजे शेवट फुटत नाही. निमित्त हवं असेल तर हे: १८५६च्या ऑगस्टमध्ये डॉर्चेस्टरला मार्था ब्राउन या बाईला जाहीर फाशी दिली, ती पाहणाऱ्या गर्दीत सोळा वर्षांचा हार्डी होता.

'अ प्युअर वुमन': 'पवित्र' म्हटलं की देवघर येतं. 'शुद्ध' म्हटलं की तूप. 'पतिव्रता' तर साफ चूक, मग एंजलचंच म्हणणं खरं ठरतं. 'निष्कलंक' जवळ जातं, पण त्यात कलंकाचा शब्द आलाच. हार्डीने ही ओळ अगदी शेवटी, मुद्रितं वाचून झाल्यावर घातली, आणि सगळ्यात जास्त वाद त्याच ओळीवर झाला. मी 'निर्मळ' घेईन. पाणी गढूळ करणारा दुसरा असतो, एवढं त्या शब्दात आपोआप येतं.

रामबागकर

गालिच्याचं मान्य. पत्राची गोष्ट माझ्या लक्षात नव्हती. एंजलबद्दल मात्र माझं मत आणखी वाईट झालं.

लोकमान्यनगर_वाचन

सर्वांचे आभार. फ्रेम रेट बदलल्यावर पहिला भाग अथपासून इतिपर्यंत जुळला. परवानगीसाठी पत्र पाठवतोय. उत्तर येईपर्यंत सभागृह धरलेलं नाही, तोवर फक्त वाचन. वाचनाची पत्रिका अशी केलीये, बघा:

'एका पतित स्त्रीची हृदयद्रावक कहाणी. टॉमस हार्डी यांची टेस. निवडक प्रकरणांचं वाचन व चर्चा. शनिवार सायं. ५.'

दुसरी_बोली

'पतित' काढा. एवढ्या सगळ्या चर्चेनंतर तुम्ही एंजलच्या हातात पेन दिलंत! 'हृदयद्रावक'ही नको, त्याने लोक रुमाल घेऊन येतात आणि प्रकरण २१ला हसायचं राहून जातं. नुसतं: 'टेस: एक निर्मळ स्त्री'. खाली प्रकरणांचे आकडे द्या, इंग्रजी वाचणारे सात-आठ जण घरून वाचून येतील.

ओळीखालचा

आणि पडद्याच्या दिवसासाठी आत्ताच लिहून ठेवा: ५ मीटरची केबल लहान सभागृहातही पुरत नाही, १० मीटरची घ्या. लॅपटॉपचा चार्जर वेगळ्या बोर्डावर लावा. पंख्याच्या बोर्डावर लावला की कुणीतरी उठून पंखा बंद करताना तोही बंद करतं.